नाव उरले, मासा गेला

आमच्यापैकी अनेकांच्या आडनावात एखादे गाव दडलेले असते. चार-पाच पिढ्यांपूर्वी कोणी पूर्वज शिंद्यांच्या, होळकरांच्या किंवा गायकवाडांच्या चाकरीत दूर देशी आला, येथेच घर बांधून राहिला आणि गावाचे नाव मात्र ‘कर’ प्रत्ययाच्या आधाराने घरात टिकून राहिले. घरातील कोणीही ते गाव पाहिलेले नसते. नाव वस्तूपेक्षा अधिक काळ जगते याचा हा आमचा रोजचा अनुभव आहे. म्हणूनच अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या ग्रेलिंग या गावाची हकीकत प्रथम वाचली तेव्हा ती आम्हांला परकी वाटली नाही. तेथे याच्या उलट घडले होते. गाव जागच्या जागी राहिले आणि ज्याच्यावरून गावाचे नाव पडले तो मासा तेथून नाहीसा झाला.

मिशिगनच्या दक्षिण द्वीपकल्पाच्या उत्तर भागात ऑ सेबल नावाची नदी आहे. तिच्या वरच्या अंगाला हे गाव वसले. १८७० च्या दशकाच्या आरंभी तेथे रेल्वे पोहोचली आणि त्याच सुमारास, १८७४ मध्ये, गावाला ग्रेलिंग हे नाव मिळाले. ग्रेलिंग हा साल्मन व ट्राउट यांच्या कुळातील थंड पाण्याचा मासा. अंग रुपेरी-जांभळट, आणि पाठीवर शिडासारखा उंच, ठिपक्यांनी नटलेला पर. ताज्या माशाला थाइम या सुगंधी वनस्पतीचा वास येतो अशी जुनी समजूत होती, म्हणून शास्त्रज्ञांनी त्याच्या वंशाला ‘थायमॅलस’ म्हटले. आपल्या ओव्याला ज्या द्रव्यामुळे वास येतो ते थायमॉल थाइममध्येही असते. तेव्हा त्या वासाची कल्पना आपल्या वाचकांस सहज करता येईल. मिशिगनमधील ग्रेलिंगचे शास्त्रीय वर्णन एडवर्ड कोप या प्राणिशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये केले. म्हणजे ग्रंथात नोंद झाली आणि पुढील सत्तर वर्षांत मासा संपला. शेवटचे ग्रेलिंग मिशिगनमध्ये १९३६ च्या सुमारास दिसले, तेही उत्तर द्वीपकल्पात. ऑ सेबलमधून तर ते त्यापूर्वीच गेले होते.

हे कसे झाले, याची कारणे तीन सांगतात, आणि तिन्ही एकमेकांत गुंतलेली आहेत.

पहिले कारण जंगलतोड. मिशिगनचा पांढरा पाइन हा सरळ, उंच आणि हलका वृक्ष. शिकागोसारखी शहरे उभी राहत होती, त्यांना लाकूड हवे होते, आणि १८७० पासून सुमारे तीस वर्षे लाकूड उत्पादनात मिशिगन देशात अग्रभागी होते. हिवाळ्यात झाडे तोडायची, बर्फावरून ओंडके घसरत नदीकाठी आणून त्यांचे ढीग रचायचे आणि वसंतात बर्फ वितळून पाणी चढले की सारे ओंडके एकदम प्रवाहात लोटायचे, अशी रीत होती. ओंडके अडू नयेत म्हणून पात्रातील पडलेली झाडे, मुळे, मोठे अडथळे आधीच काढून टाकले जात. आता ग्रेलिंगची विणीची वेळ नेमकी वसंत ऋतूतील. ट्राउटची मादी शेपटीने खडीत खड्डा करून अंडी पुरते; ग्रेलिंगला ती कला नाही. ती स्वच्छ खडीवर अंडी मोकळी सोडते. त्यांवरून हजारो ओंडके घासत जात असता काय उरणार? शिवाय काठ उघडे पडले, ऊन पाण्यावर आले, आणि काठांची माती व वाळू पात्रात ढासळू लागली. तोडीनंतर वाळलेल्या फांद्यापाल्याला वणवे लागले आणि जमीन आणखी उघडी झाली.

दुसरे कारण मासेमारी. ग्रेलिंग भोळा मासा. पिसांची कृत्रिम माशी लावून गळ टाकला की तो निःशंकपणे येत असे. रेल्वेने हौशी लोक आले, आणि रेल्वेनेच बर्फात घातलेले मासे शहरांच्या बाजारात गेले. तेव्हा ही संपत्ती अक्षय वाटत होती.

तिसरे कारण नवे मासे. ब्रुक ट्राउट हा अमेरिकेचाच, पण ऑ सेबलच्या वरच्या पाण्यात तो माणसांनी आणून सोडला. ब्राउन ट्राउट तर समुद्रापलीकडचा. बर्लिनच्या बॅरन फॉन बेर यांनी जर्मनीतून अंडी पाठवली, आणि ११ एप्रिल १८८४ रोजी नॉर्थव्हिलच्या मत्स्यबीज केंद्रातून ४,९०० पिले मिशिगनच्या पेरे मार्केट नदीच्या बाल्डविन नावाच्या उपनदीत सोडण्यात आली. अमेरिकेच्या वाहत्या पाण्यात ब्राउन ट्राउटचा प्रवेश झाला तो असा. हा मासा धूर्त, थोड्या अधिक उबदार पाण्यातही तग धरणारा, आणि मोठा झाला की लहान मासे खाणारा. वाळू आणि ऊन यांनी आधीच दुबळ्या झालेल्या ग्रेलिंगच्या घरात हा बळकट पाहुणा उतरला.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. नव्या माशांनी जुन्याला हाकलले, एवढेच म्हणून थांबले तर हिशेब सोपा होतो, पण खरा होत नाही. घर आधी मोडले होते. पाहुणा मोडक्या घरात आला आणि मोडक्या घरात राहण्याची ताकद त्याच्यात अधिक होती. पुढे तोच पाहुणा लोकांचा लाडका झाला. आज ऑ सेबलची कीर्ती आहे ती ट्राउटची नदी म्हणून.

ऑ सेबल या फ्रेंच नावाचा संबंध वाळूशी आहे. नदीच्या मुखाजवळची वाळू पाहून जुन्या प्रवाशांनी ते दिले असावे. पण नदीचा पुढचा सारा इतिहास त्यात आधीच लिहिला गेल्यासारखा वाटतो. हिमयुगाने मागे ठेवलेल्या वाळूच्या जाड थरांत पावसाचे व बर्फाचे पाणी मुरते आणि झऱ्यांवाटे वर्षभर सारख्या मानाने नदीत येते. उन्हाळ्यात ते थंड राहते, हिवाळ्यात गोठत नाही. ट्राउट व ग्रेलिंग यांना हवे तसे हे पाणी वाळूनेच घडवले. तीच वाळू काठावरून ढासळून पात्रात आली की मात्र ती खडीवर पसरते, खडीमधील फटी बुजवते, त्या फटींत राहणारे पाणकिडे व त्यांच्या अळ्या गुदमरतात आणि अंड्यांना प्राणवायू पोहोचत नाही. जमिनीत आहे तोवर वाळू नदीची आई. पात्रात उतरली की वैरीण.

वाळूचा हा दोष अंदाजाने नव्हे, प्रयोगाने सिद्ध झाला. मिशिगनमध्ये हंट क्रीक नावाचा एक लहानसा ओढा आहे. १९३९ पासून तेथे मत्स्यसंशोधन केंद्र आहे. गेलॉर्ड अलेक्झांडर आणि एडवर्ड हॅन्सन या संशोधकांनी त्या ओढ्याच्या एका भागात पाच वर्षे मुद्दाम वाळू टाकली आणि तळाशी वाहणाऱ्या वाळूचे प्रमाण चौपट-पाचपट केले. पाणी डोळ्यांना पूर्वीसारखेच निर्मळ दिसत होते. पण ब्रुक ट्राउटची संख्या निम्म्याहूनही खाली आली. याच्या उलट प्रयोग त्यांनी पॉपलर क्रीक या दुसऱ्या ओढ्यावर केला. तेथे पात्रात एक खोल खड्डा खणला. प्रवाह त्या खड्ड्यावर येताच मंदावतो, वाळू खाली बसते आणि पाणी पुढे जाते. खड्डा भरला की उपसायचा. त्यायोगे खालच्या अंगाची वाहती वाळू सुमारे ८६ टक्क्यांनी घटली आणि लहान ट्राउट सुमारे ४० टक्क्यांनी वाढले. एकही मासा बाहेरून आणून सोडला नव्हता. आम्हांला या साऱ्या इतिहासात हा खड्डा फार बोलका वाटतो. धरण नाही, मत्स्यबीज नाही. ओढ्याच्या मार्गातील एक अडचण तेवढी दूर केली.

ही समज एकाएकी आली नव्हती. ओढ्यांच्या डागडुजीचे शास्त्र मिशिगनमध्ये १९३० च्या दशकात आकाराला आले. ॲन आर्बर येथील विद्यापीठातील कार्ल हब्ज यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९३२ मध्ये ट्राउटच्या ओढ्यांच्या सुधारणेच्या पद्धती सांगणारी पुस्तिका लिहिली. तो मंदीचा काळ होता. १९३३ मध्ये रूझवेल्ट यांच्या सरकारने बेकार तरुणांसाठी जी वनसंवर्धन सेना उभारली, तिच्या हातांनी ठिकठिकाणी ही कामे झाली. प्रवाहाला एका बाजूस वळवणारे ओंडक्यांचे छोटे बांध घातले, ढासळणाऱ्या काठांना लाकडाचा आधार दिला, माशांना लपायला आडोसे केले. यामागचा विचार साधा आहे. पसरट झालेला ओढा अरुंद केला की पाण्याला वेग येतो, वेग आला की वाळू पुढे सरकते आणि खालची खडी उघडी पडते. वळणावर डोह खणला जातो. काठाखालच्या सावलीत मासा विसावतो. यांतली काही बांधकामे टिकली, काही पुरात वाहून गेली, काही वाळूतच गाडली गेली. वरून वाळू येत राहिली तर खाली कितीही बांध घाला, ते बुजणारच. म्हणून पुढील पिढ्यांचे लक्ष ओढ्यावरून ओढ्याच्या काठाकडे आणि काठावरून रस्त्याकडे गेले. कच्चा रस्ता ओढा ओलांडतो तेथे दर पावसात वाळू आत येते. रस्त्याखालची मोरी अरुंद किंवा उंच असेल तर मासा वर जाऊ शकत नाही. मोरी रुंद करणे, उतार बांधून काढणे, काठावर झाडे लावणे ही कामे पाहायला सुंदर नसतात, पण ओढ्याचे आयुष्य त्यांवर असते.

तथापि लोकांचा ओढा पुष्कळ काळ दुसऱ्याच उपायाकडे होता. मासे कमी झाले ना? मग केंद्रात वाढवा, मोठे झाले की नदीत सोडा, आणि लोकांनी ते धरावेत. १९५० च्या दशकात मिशिगनमध्ये हाच प्रघात होता. त्यास कंटाळून जुलै १९५९ मध्ये सोळा जण ग्रेलिंगजवळ ऑ सेबलच्या काठी जॉर्ज ग्रिफिथ यांच्या घरी जमले आणि त्यांनी ‘ट्राउट अनलिमिटेड’ ही संस्था स्थापन केली. माशाची काळजी घ्या, मासेमारी आपली आपण सुधारेल, असे त्यांचे म्हणणे होते. ग्रिफिथ यांचे मित्र, मोटारउद्योगातील जॉर्ज मेसन, १९५४ मध्ये वारले तेव्हा त्यांनी ऑ सेबलच्या दक्षिण शाखेच्या काठची सुमारे १,५०० एकर जमीन राज्याला देऊन ठेवली होती. तिच्यात पुढे भर पडली आणि आज तो काठ झाडीने भरलेला आहे. ग्रेलिंगजवळच हार्टविक पाइन्स नावाचे उद्यान आहे. पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या पतीच्या स्मरणार्थ कॅरेन हार्टविक यांनी १९२७ मध्ये ते रान राज्याला दिले. कुऱ्हाडीतून सुटलेले जुने पाइन वृक्ष तेथे अजून उभे आहेत. लाकडाच्या धंद्यावर वाढलेल्या घराण्याने उरलेले शेवटचे रान परत द्यावे, यात पश्चात्ताप किती आणि पितृऋण किती, हे ठरवणारे आम्ही कोण?

नदी सुधारली, ट्राउट वाढले. ग्रेलिंगचे काय?

त्याला परत आणण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकापासून अनेकदा झाले. १९८७ ते १९९१ या काळातही केंद्रात वाढवलेले ग्रेलिंग मोठ्या प्रमाणावर सोडण्यात आले. ते टिकले नाहीत. केंद्राच्या हौदात वाढलेल्या माशाला कोणताही ओढा आपला वाटत नाही. तो सोडलेल्या जागी राहत नाही, भरकटतो. या अपयशाला उत्तर मोंटाना राज्यात सापडले. तेथे पिले न सोडता अंडीच ओढ्यावर नेण्याची रीत रूढ झाली. काठाशी बादलीसारखे एक पात्र ठेवायचे, त्यातून ओढ्याचेच पाणी खेळवायचे आणि त्यात अंडी उबवायची. पिलू पहिला श्वास घेते ते त्या पाण्यात. तयार झाले की आपल्या पायांनी, म्हणजे परांनी, ओढ्यात उतरते. त्या पाण्याची ओळख त्याला जन्मापासून असते.

२०१६ मध्ये मिशिगनचे नैसर्गिक संसाधन खाते आणि ओडावा लोकांची ‘लिटल रिव्हर बँड’ ही जमात यांनी मिळून ग्रेलिंग परत आणण्याचा उपक्रम हाती घेतला. पुढे त्यात अनेक संस्था सामील झाल्या. या जमातीचा उल्लेख आम्ही मुद्दाम करीत आहोत. १८३६ च्या वॉशिंग्टन तहाने ओडावा व ओजिब्वे लोकांनी मिशिगनचा फार मोठा मुलूख सरकारला दिला, परंतु शिकारीचा आणि तेथील वहिवाटीचा हक्क राखून ठेवला. पुढे त्यांची जमीन गेली, गावे गेली, आणि लिटल रिव्हर बँडला सरकारदरबारी पुन्हा मान्यता मिळाली ती १९९४ मध्ये. ज्यांच्या डोळ्यांदेखत ग्रेलिंग गेला त्यांच्याच नातवंडा-पणतवंडांनी तो परत आणण्याचे काम खांद्यावर घेतले आहे.

अलास्कातील चीना नदीतून २०१९ पासून अंडी आणून मिशिगनच्या केंद्रात त्यांपासून पैदाशीचे मासे तयार करण्यात आले. त्यांच्यापासून मिळालेली सुमारे ४ लक्ष अंडी मे २०२५ मध्ये तीन जमातींच्या हाती सुपूर्त झाली आणि मॅनिस्टी, मेपल व बोर्डमन-ऑटवे या नद्यांच्या पाण्यावर उबवण्यात आली. बोर्डमन नदीवरील तीन जुनी धरणे २०१२ ते २०१८ या काळात पाडून तिचे पाणी आधीच मोकळे करण्यात आले होते. या पिलांतून विणीस येणारे मासे किती निपजतात हे कळायला काही वर्षे जावी लागतात. प्रश्न फक्त पाण्याचा नाही. ब्राउन ट्राउट जेथे दाट आहेत तेथे ग्रेलिंगची पिले वाढणे कठीण; म्हणून ओढा निवडताना खडी, उतार आणि तापमान यांच्या जोडीने तेथे कोण राहतो हेही पाहावे लागते.

आणि येथेच आम्ही थोडे अडखळतो. ब्राउन ट्राउट मिशिगनमध्ये येऊन एकशे चाळीस वर्षे झाली. आमच्यातील काही घराण्यांना आपल्या शहरात इतकीही वर्षे झालेली नाहीत. त्याला उपरा म्हणावे तर त्याच्याच प्रेमापोटी लोकांनी नदीचे काठ राखले, मोऱ्या दुरुस्त केल्या, जमिनी दान दिल्या. उपऱ्या माशावरील त्या प्रेमाने मूळच्या माशासाठी घर तयार झाले. उलट, तो तेथे आहे म्हणूनच मूळच्या माशाचे परतणे अवघड झाले, हेही तितकेच खरे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि तेथील शहाण्या माणसांनी एकही लपवलेली नाही. मोठ्या नद्यांतून ब्राउन ट्राउट हाकलून देण्याच्या गोष्टी ते करीत नाहीत. काही ओढे तरी ग्रेलिंगला मिळावेत, एवढेच पाहतात. येऊन स्थायिक झालेल्यांनी मूळच्यांसाठी थोडी जागा राखावी, हा त्यातला व्यवहार आहे.

आमचे पूर्वजही पाण्याच्या आधाराने वसले. इंदूरची कान्ह आणि सरस्वती, ग्वाल्हेरची स्वर्णरेखा, वडोदऱ्याची विश्वामित्री, हैदराबादची मुसी यांच्या काठी आमच्या घाटपायऱ्या, देवळे आणि वाडे उभे राहिले. त्या नद्यांचे आज काय झाले आहे ते वाचकांस सांगण्याची गरज नाही. पाणी राखण्याची रीत आम्हांला ठाऊक नव्हती असेही नाही. रायगड जिल्ह्यात वाळणकोंडीच्या डोहातील मासे देवीचे म्हणून कोणी मारीत नाही. वाडे तालुक्यात तिळसेश्वराच्या देवळाशी वैतरणेतील मासे तसेच राखलेले आहेत. लोणावळ्यात टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून महसीर माशाची पैदास चालवली. मध्य प्रदेशाने २०११ मध्ये महसीरला राज्यमाशाचा मान दिला. परंतु मान दिल्याने खडी उघडी होत नाही आणि नुसती पिले सोडल्याने ओढा सुधारत नाही, हे ग्रेलिंग गावाने शंभर वर्षे मोजून शिकले.

त्या गावाच्या पाटीवर अजून तेच नाव आहे. मासा नसतानाही लोकांनी ते बदलले नाही, हे आम्हांला बरे वाटते. नाव टिकले म्हणून काय हरवले ते प्रत्येक पिढीला विचारावे लागले. आमच्या नद्यांची नावेही अजून टिकून आहेत. ज्या पाण्याने आम्हांला चार पिढ्या पोसले त्याचे आम्ही कोण लागतो, हा प्रश्न त्या नावांनी आम्हांलाही विचारलेला आहे. उत्तराचा आरंभ बहुधा एखाद्या मोरीपासून, एखाद्या उघड्या काठापासूनच करावा लागेल.